निवृत्त फायरमन काकांच्या वहीतल्या नोंदी कशा वाचायच्या? (स्मरणलेखासाठी)

वहीवाला

काका एका छोट्या शहराच्या अग्निशमन केंद्रात एकतीस वर्षं होते. आधी फायरमन, मग यंत्रचालक (गाडीवरचा पंप चालवणारा), शेवटी तांडेल (तुकडीचा प्रमुख). निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी, गेल्या महिन्यात वारले. स्मरणलेख माझ्याकडे आलाय. दहा मिनिटांत वाचून व्हायला हवा, नंतर तो छापायचाही आहे. मसुद्यात 'धाडसी', 'कर्तव्यदक्ष', 'जिवाची पर्वा न करता' याच्या पुढे गाडी सरकत नाही, आणि हे शब्द कुठल्याही फायरमनला चालतील.

त्यांच्या पेटीत एक पितळी नोझल (ओठाजवळ '२०' कोरलेलं), कपलिंगचा (होज, म्हणजे पाण्याचे पाइप जोडायच्या सांध्याचा) एक तुकडा, शिटी, जाड राखाडी हातमोजे आणि एक खिशातली वही निघाली. वहीत मोठ्या आगींबद्दल काहीच नाही. आहे ते असं:

१) टाकी ४५००. नोझल २० – ८ मि. नोझल १२ – २३ मि.
२) व्हॅ. जास्त, पाणी नाही – गाळणी. व्हॅ. कमी, काटा थरथरतो – वायसर.
३) सेट ६ लि. २७०. आत ९.१०, शिटी ९.४०.
४) विहीर. कंदील पेटता राहिला. तरी सेट.
५) गंजी ७२. फळ्या टाका.

यांचा अर्थ काय? यातून लेखात घेण्यासारखं काही निघतं का? त्यांचे दोन सहकारी हयात आहेत, त्यांना काय विचारू?

सक्शन_होज

१ आणि २ या पंपावर उभं राहणाऱ्या माणसाच्या नोंदी आहेत. त्यावर सांगतो.

पहिली नोंद म्हणजे पाण्याचा हिशोब. नोझलमधून मिनिटाला किती लिटर पाणी जातं त्याचा केंद्रावरचा सूत्रपाठ असा: नोझलच्या व्यासाचा (मि.मी.) वर्ग, गुणिले दाबाचं (बार) वर्गमूळ, त्याचे दोन तृतीयांश. नोझलवर ४ बार दाब धरा. १२ मि.मी.ला १४४ × २ = २८८, त्याचे दोन तृतीयांश १९२ लिटर. २० मि.मी.ला ४०० × २ = ८००, म्हणजे साधारण ५३३ लिटर. ४५०० लिटरची टाकी पहिल्यात २३ मिनिटं पुरते, दुसऱ्यात साडेआठसुद्धा नाही. काकांचे आकडे बरोबर जुळतात, म्हणजे त्यांनी दाब ४ धरला होता.

छोट्या केंद्रात या आकड्यांवर सगळं ठरतं. मोठ्या शहरात अनेकदा जवळपास हायड्रंट (गाडीला पाणी घ्यायचा रस्त्यावरचा नळ) असतो. इथे टाकी संपली की दुसरी गाडी येईपर्यंत किंवा विहिरीवरून लाइन जोडेपर्यंत हात रिकामे. त्यामुळे यंत्रचालकाच्या डोक्यात घड्याळ चालू असतं: आठ मिनिटांत विझेल का, की १२ लावून तेवीस मिनिटं धरून ठेवायचं आणि तोवर पाणी आणायचं? मात्र १२ लावणं म्हणजे नेहमीच शहाणपण, असं लेखात लिहू नका. घर पूर्ण पेटलेलं असेल तर १९२ लिटर आगीच्या मुळापर्यंत पोहोचायच्या आधीच वाफ होऊन जातात. तेव्हा आठ मिनिटं जोरात मारलेलं पाणी परवडतं आणि तेवीस मिनिटं शिंपडलेलं फुकट जातं.

आणखी एक गोष्ट वहीत नाही, पण त्या आकड्यांत लपलेली आहे. नोझल मागे ढकलतं. ४ बारला २० मि.मी.चा मागचा रेटा साधारण २५ किलोचा, १२ मि.मी.चा ९ किलोचा. म्हणजे २० ला दोघं लागतात, १२ एकटा धरतो. चार-पाच जणांच्या गाडीवर एक माणूस मोकळा होणं ही फार मोठी गोष्ट. शिडी लावायला, दार तोडायला, विहीर शोधायला तोच जातो.

हे ४ बार नोझलच्या तोंडाशी. पंपावर जास्त ठेवावा लागतो: दर १० मीटर उंचीला साधारण १ बार, वर होजमधल्या घर्षणाचा तोटा. प्रवाह दुप्पट केला की हा तोटा चौपट होतो. होज लांब पडली आणि समोरून 'प्रेशर वाढव' अशी हाक आली की नुसतं इंजिन रेटून भागत नाही ते याच कारणाने. दुहेरी लाइन टाकली की प्रत्येकीतून निम्मं पाणी जातं आणि तोटा चौथ्या हिश्श्यावर येतो.

दुसरी नोंद मला सगळ्यात आवडली. 'व्हॅ.' म्हणजे पंपाचा व्हॅक्यूम गेज. विहीर-तळ्यातून पाणी ओढताना पंप पाणी खेचत नाही. प्रायमर (हवा काढायचं छोटं यंत्र) सक्शन होजमधली, म्हणजे पाणी ओढायच्या पाइपमधली, हवा काढतो आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. पुस्तकात ही उंची १०.३ मीटर. प्रत्यक्षात सात-साडेसातच्या वर धरू नये, आणि केंद्र उंचावर असेल तर त्याहून कमी. १००० मीटर उंचीवर हवेचा दाबच दहा-अकरा टक्के कमी असतो.

पाणी येत नाही तेव्हा काटा बघायचा. व्हॅक्यूम भरपूर पण पाणी नाही, याचा अर्थ हवा निघालीय आणि पाण्याची वाट बंद आहे: गाळणी (स्ट्रेनर) गाळात रुतली, पालापाचोळा बसला, नाहीतर पाणीच फार खोल आहे. व्हॅक्यूम चढतच नाही आणि काटा थरथरतो, म्हणजे कुठूनतरी हवा घुसतेय: कपलिंगचा वायसर (रबरी चकती) सुकला, दुमडला किंवा राहिलाच, नाहीतर गाळणी पाण्याच्या वर आली. गाळणीवर होजच्या व्यासाच्या निदान तिप्पट पाणी हवं, नाहीतर भोवरा होऊन हवा ओढली जाते. सक्शन होज पंपापेक्षा उंच ठिकाणावरून, म्हणजे कठड्यावरून वगैरे घेतली तर तिथे हवा कोंडते, हेही नेहमीचंच. लोक ओरडत असताना काट्यावरून हे अर्ध्या मिनिटात ओळखणारा माणूस केंद्रात एखादाच असतो. काका 'यंत्रचालक होते' एवढंच लिहिलंत तर वाचणाऱ्याला ते गाडी चालवायचे असं वाटेल.

पाणी साडेसात मीटरच्या खाली असेल तर रस्त्यावरचा पंप निरुपयोगी. मग छोटा पंप दोरांनी विहिरीत सोडायचा. त्यांच्या केंद्राकडे तसा पंप होता का, ते सहकाऱ्यांना विचारा.

बीए_टॅली

वरच्या शेवटच्या परिच्छेदाला लगेच जोड देतो: पेट्रोलचा पंप विहिरीत उतरवून चालू ठेवायचा आणि त्यामागे माणूस उतरवायचा, असं कधीच करू नये. इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड विहिरीतच साचतो. सबमर्सिबल किंवा पाण्याच्या दाबावर चालणारा इजेक्टर पंप वापरतात तो म्हणूनच.

तुमची चौथी नोंद याच्याच जवळची आहे. विहिरीत उतरण्याआधी दोराला कंदील बांधून सोडायची जुनी पद्धत. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, साधारण १६-१७ ला ज्योत विझते. पण कंदील फक्त ऑक्सिजनबद्दल सांगतो. सडलेल्या गाळातला हायड्रोजन सल्फाइड किंवा इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड माणसाला आडवा करण्याइतका असला तरी ज्योत मजेत जळत राहते. वासावरही विसंबता येत नाही, कारण हायड्रोजन सल्फाइड साधारण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर) पुढे गेला की नाक बधिर होतं आणि वास 'गेला' असं वाटतं. एक जण उतरून कोसळला, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा, अशा साखळ्या यातूनच होतात. 'कंदील पेटता राहिला. तरी सेट.' याचा अर्थ कंदील ठीक सांगत असूनही ते श्वसनयंत्र लावूनच उतरले किंवा उतरवलं. सेट चढवायला मिनिटं लागतात आणि कठड्यावर घरचे लोक 'लवकर, लवकर' करत असतात. तेव्हा तो 'तरी' लिहिणारा माणूस कसा होता ते लेखात सांगा.

तिसरी नोंद: सेटचा सहा लिटरचा हवेचा सिलिंडर, आत जाताना २७० बार. ९.१० ला आत, ९.४० ला शिटी. हवा संपत आल्याची ही सेटची शिटी साधारण ५५ बारला आपोआप वाजते. म्हणजे ३० मिनिटांत २१५ बार गेले. २१५ × ६ = १२९० लिटर, मिनिटाला ४३ लिटर. हिशोबाला आपण मिनिटाला ४० लिटर धरतो; ३०० बार भरलेल्या सिलिंडरमध्ये १८०० लिटर असतात, म्हणून ४५ मिनिटं, त्यातली शेवटची दहा बाहेर पडण्यासाठी राखीव. धुरात, वजन अंगावर घेऊन काम करताना घाबरलेला माणूस सहज याच्या दीडपट-दुप्पट ओढतो. ४३ म्हणजे श्वास ताब्यात होता. पण ही नोंद त्यांची स्वतःची की बाहेर टॅली-बोर्डवर (आत कोण गेलंय, किती हवा घेऊन, हे लिहायच्या पाटीवर) उभं राहून लिहिलेली कोणा दुसऱ्याची, हे सहकाऱ्यांना विचारल्याशिवाय ठरवू नका. तांडेल असताना ते बहुधा बोर्डावरच असतील. आणि ३०० ऐवजी २७० नेच आत का गेले, हेही विचारण्यासारखं आहे. छोट्या केंद्रात कॉम्प्रेसर नसला की सिलिंडर भरायला दुसऱ्या शहरी पाठवावे लागतात आणि अर्धवट भरलेले वापरात राहतात.

आता तातडीचं. ते राखाडी हातमोजे हाताळू नका. जुने, जाड विणीचे, राखाडी-पांढरे उष्णतारोधक हातमोजे अनेकदा ॲस्बेस्टॉसचे असतात, आणि त्याचे तंतू श्वासात जाणं घातक. झटकू नका, ब्रश मारू नका, कुणाला घालून फोटो काढू नका. पाण्याचा हलका फवारा मारून ओले करा, दोन जाड प्लास्टिक पिशव्यांत एकात एक बंद करा, वर लिहा, आणि घातक कचरा घेणाऱ्या यंत्रणेकडे द्या. त्यांच्याखाली ठेवलेले कागद ओल्या फडक्याने पुसून घ्या.

पेटीत जुनं अग्निशामक यंत्र निघालं तर तेही उलटं करून बघू नका. सोडा-ॲसिडच्या जुन्या यंत्रात आत गंधकाम्लाची बाटली असते आणि गंजलेलं भांडं त्या दाबाला फुटतं.

गंजीराख

पाचवी नोंद. ७२ म्हणजे अंश सेल्सियस. ओलसर चारा रचला (साधारण २० टक्क्यांच्या वर ओल) की आतले जंतू त्याला तापवतात, पुढे रासायनिक क्रिया सुरू होते आणि गंजी बाहेरून काही न लागता आतून पेटते. बहुतेक वेळा रचल्यापासून सहा आठवड्यांच्या आत. टोकदार, पुढच्या टोकाला भोकं पाडलेला तीनेक मीटरचा पाइप खुपसायचा, त्यात तारेला बांधून थर्मामीटर सोडायचा, दहा-पंधरा मिनिटांनी काढून वाचायचा. ६५ ला रोज बघायचं, ७० च्या पुढे दर दोन-चार तासांनी, ८० च्या आसपास आत निखारे आहेत असंच समजायचं.

इथे चूक होते ती घाईने गंजी फोडण्याची. आत निखारा असतो पण हवा नसते. फोडली की हवा मिळते आणि भडका उडतो. आधी होजची लाइन पाण्याने भरून तयार ठेवायची, मगच कडेने उपसायला घ्यायचं, उपसलेलं लांब पसरून भिजवायचं. 'फळ्या टाका' हे कारण नसताना लिहिलेलं नाही. आत जळून पोकळी झालेली असते आणि वरून काही दिसत नाही. चालणारा सरळ आत जातो. म्हणून फळ्यांवरून चालायचं, कमरेला दोर, दुसरं टोक खाली उभ्या माणसाच्या हातात.

लेखाबद्दल माझं थोडं वेगळं मत. सक्शन_होज यांना पंप प्रिय आहे हे दिसतंच, पण दहा मिनिटांच्या वाचनात सूत्र घालू नका, लोक तिसऱ्या आकड्याला घड्याळ बघतील. पाच नोंदींपैकी दोनच निवडा. माझी निवड विहीर आणि गंजी. दोन्हींत आग दिसतसुद्धा नाही. छोट्या केंद्राच्या वर्द्या (मदतीसाठी आलेली बोलावणी) बघितल्या तर विहिरीत पडलेली जनावरं, अपघातात अडकलेली माणसं, पडलेली झाडं, गळणारे सिलिंडर यांतच बराच काळ जातो.

सक्शन_होज

सूत्र नको, कबूल. पण 'आठ मिनिटं की तेवीस' हे राहू द्या. ते कुणालाही कळतं.

वहीवाला

हातमोजे तुम्ही सांगितल्याप्रमाणे बंद केले, धन्यवाद. कपलिंगच्या तुकड्याला बाजूला दोन कान आहेत, ओढले की आत स्प्रिंग जाणवते. आणि नोझल घासून चकचकीत करू का? कार्यक्रमात मांडायचं आहे.

कपाटातले_कागद

तो इन्स्टंटेनियस कपलिंगचा मादी भाग. नर भाग आत ढकलला की खट् आवाज होऊन बसतो, कान ओढले की सुटतो. ६३ मि.मी.च्या होजला हा प्रकार बऱ्याच देशांत आहे. दुसरीकडे श्टोर्झ असतं, त्यात नर-मादी नसते, दोन्ही तोंडं सारखी, पाव वळसा दिला की बसतं. तिसरीकडे आट्यांचं. हे एकमेकांना बसत नाहीत. १९०४ च्या फेब्रुवारीत बाल्टिमोरला आग लागली तेव्हा वॉशिंग्टन, फिलाडेल्फियाहून मदत आली, पण त्यांच्या होजची कपलिंगं तिथल्या हायड्रंटला बसेनात, आणि दीड हजारांवर इमारती जळाल्या. शेजारच्या दलावर अवलंबून असणाऱ्या छोट्या केंद्रात म्हणून ॲडॉप्टरची पिशवी गाडीत ठेवावीच लागते. ती कोण सांभाळायचं, हा सहकाऱ्यांसाठी चांगला प्रश्न आहे.

नोझल घासू नका. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ कापड, बस. पॉलिशने कोरलेले अंक, चाचणीच्या खुणा झिजतात. त्याआधी व्हर्निअरने भोक मोजा. वाळू-गाळाच्या पाण्याने नोझल आतून झिजतं. २० चं २१ झालं असेल तर तेवढ्याच दाबाला दहा टक्के जास्त पाणी जातं. विहिरी-तळ्याचं गढूळ पाणी किती वर्षं वाहिलं त्याची ती खूण, आणि मांडताना चिठ्ठीवर लिहायला तुमच्याजवळ खरा आकडा असेल. वहीला लॅमिनेशन करू नका. प्रत्येक पान, कोरी पानं आणि मलपृष्ठासकट, ६०० डीपीआयला स्कॅन करा.

सहकाऱ्यांशी बोलताना 'काका कसे होते?' हा प्रश्न पहिला विचारू नका. उत्तर 'देवमाणूस' येईल आणि बोलणं संपेल. नोझल आणि कपलिंग टेबलावर ठेवा, हातात घेऊ द्या. मग क्रम विचारा: वर्दी आली की आधी काय? गाडीत कोण कुठे बसायचं? पंपावर कोण, नोझलवर कोण? पाणी कुठून घ्यायचे, आणि उन्हाळ्यात? कागदावर केंद्राचा नकाशा काढायला सांगा. माणसं काढता काढता बोलतात. दोघांशी आधी वेगवेगळं बोला, मग एकत्र. उलट क्रमाने केलंत तर मोठ्या आवाजाचा सांगेल तेच दोघांचं होतं.

तीस वर्षांनी दोन आगी एकमेकींत मिसळतात, हेही गृहीत धरा. पडताळणीसाठी केंद्राची नोंदवही बघायला लेखी अर्ज करा. तिथे वेळा असतात: वर्दी मिळाली, गाडी निघाली, पोहोचली, आग आटोक्यात, गाडी परत. 'आटोक्यात' आणि 'विझली' यांत कित्येक तासांचं अंतर असू शकतं, त्यांची गल्लत करू नका. जखमी-मृतांची नावं लेखात नकोत, त्यांची घरं त्याच शहरात आहेत. लहान मूल गेलेली वर्दी सहकाऱ्यांनी स्वतः काढली तरच ऐका, खोदू नका, आणि छापण्याआधी त्यांना वाचून दाखवा.

बीए_टॅली

काका कशाने गेले हे विचारत नाही. पण आजार लिहिणार असाल तर जपून. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये फायरमनचं काम कर्करोगकारक कामांच्या पहिल्या गटात टाकलं. पुरेसा पुरावा मेसोथेलिओमा (मुख्यतः फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) आणि मूत्राशयाच्या कर्करोगाबद्दल आहे, इतर काहींबद्दल मर्यादित. हे सगळं पेशाबद्दल आहे. एका माणसाचा आजार यानेच झाला असं त्यावरून म्हणता येत नाही. डॉक्टरांच्या कागदात नसेल तर लेखात नको.

वहीवाला

सुरुवात अशी केलीय, बघा: "त्या रात्री काकांनी बाराचं नोझल लावलं, कारण टाकीत तेवीस मिनिटांचं पाणी होतं आणि दुसरी गाडी वाटेत होती."

आणि मलपृष्ठावर पेन्सिलने एक ओळ सापडली: 'सोम. घडी फिरव.' ही कशाची?

सक्शन_होज

होजची. एकाच घडीवर महिनोन्महिने ठेवली की घडीच्या रेषेवर आतलं रबर चिरतं आणि नेमकी दाबाखाली तिथेच फुटते. म्हणून ठरावीक दिवशी सगळ्या होज उलगडून घडीची जागा बदलून पुन्हा गुंडाळायच्या. जुन्या कॅनव्हासच्या असतील तर धुऊन, मनोऱ्यावर टांगून पूर्ण सुकवल्याशिवाय गुंडाळायच्या नाहीत, बुरशी धाग्याला खाते. मोठं कंटाळवाणं काम, बहुधा सगळ्यात नव्या मुलाच्या गळ्यात पडणारं. तांडेल झाल्यावरही ते स्वतः करायचे का, विचारून बघा.

वाक्य चांगलं आहे, पण 'त्या रात्री' काढा. नोंदीत तारीख नाही, रात्रही नाही. तो हिशोब बहुधा केंद्रात बसून आधीच करून ठेवलेला आहे. 'वहीत लिहून ठेवलं होतं: बाराच्या नोझलला तेवीस मिनिटं' इथून सुरू करा.